थांबल्यावर वीतभर

ब्रेक लावला की गाडी थांबते, एवढं ऊर्मिला कदमला शाळेपासून ठाऊक होतं. थांबल्यावर ती पुन्हा वीतभर का सरकते, हे शोधायची वेळ मात्र सत्तेचाळिसाव्या वर्षी आली, तीही जर्मनीतल्या एका जंगलाच्या कडेला, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

बाग जुनी, आणि बागेतला लाकडी रोलरकोस्टर बागेहूनही जुना. ऑक्टोबरातलं धुकं असं, की त्याचे खांब वर जाता जाता विरघळूनच जायचे. वरून गाडी निघाली की आधी फळ्या कण्हायच्या, झोपेत कूस बदलावी तशा. मग धुक्यातून तीन लाल डबे तरंगत यायचे, आणि फलाटावर उभे असलेले ब्रेकवाले हेर, म्हणजे श्रीयुत, लुडेके आपला पुरुषभर उंच लाकडी दांडा मागे ओढायचे. रुळांमधल्या पट्ट्या वर उचलल्या जायच्या, गाडीच्या पोटाला घासायच्या. गाडी थांबायची. आणि मग, काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखी, वीतभर पुढे सरकून एकदाच म्हणायची: कुंईं.

ऊर्मिला ब्राउनश्वाइगच्या एका कंपनीकडून आली होती. हिवाळ्यात बाग बंद असताना हे हातब्रेक काढायचे आणि चुंबकाचे बसवायचे. चुंबक गाडीला न शिवताच थांबवतात. घासणं नाही, आवाज नाही. नवे ब्रेक नसतील तर एप्रिलात फाटक उघडणार नव्हतं, त्यामुळे वादाचा प्रश्नच नव्हता. आधी जुन्या ब्रेकची मोजणी करायची, म्हणून ती आठवडाभर आली होती. दोनशे चौदा फेऱ्या मोजल्या. दोनशे चौदा आलेखांत शेवटी तोच इवलासा उंचवटा.

“हेर लुडेके, हे काय आहे?”

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. “हात थरथरतो. सदुसष्ट वर्षांचा आहे मी, फ्राऊ काडाम.”

“दोनशे चौदा वेळा अगदी सारखाच थरथरतो?”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” म्हणाले, आणि वळून फलाट झाडायला लागले. फलाट स्वच्छ होता.

दुपारी भूक लागली म्हणून ती बासष्ट पायऱ्या उतरून खालच्या वॉफलच्या टपरीवर गेली. टपरीवाली आनेग्रेट, पांढऱ्या केसांची, कोपरापर्यंत पिठाने माखलेली. तिने साच्यात पीठ ओतलं, झाकण दाबलं आणि हाताची घडी घालून जंगलाकडे बघत राहिली. घड्याळ नाही, टायमर नाही. वरून कुंईं आलं. आनेग्रेटने झाकण उघडलं. वॉफल मधाच्या रंगाचा.

“तुम्हाला कसं कळतं?”

“तो सांगतो ना.” आनेग्रेटने हनुवटी वर उचलली. “एका कुंईला ओतायचं, पुढच्या कुंईला काढायचं. आमचं लग्न झालं तेव्हापासून.”

“हेर लुडेके तुमचे...”

“होते. अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत एक शब्द बोललो नाही आम्ही.” तिने वॉफलवर साखर भुरभुरली. “ब्रेक मात्र चांगला लावतो. तेवढं म्हणायलाच हवं.”

ऊर्मिलाचा घास हातातच राहिला. म्हणजे आलेखातला तो उंचवटा म्हणजे यांचा अख्खा संसार होता, आणि तो सपाट करण्याचा तिला पगार मिळत होता.

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन केला. प्रताप स्टुटगार्टला, गाड्यांच्या कंपनीत. त्यांचाही संसार आठवडाभर फोनवरच असायचा.

“अगं, तुझ्या आईचा कुकरच की हा,” प्रताप म्हणाला. “तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद.”

“आईचं कुकरशी अकरा वर्षं भांडण नव्हतं पण.”

“मग बसव की एखादी घंटा. इंजिनियर ना तू?”

तिने दुसऱ्या दिवशी खरंच विचारलं. “घंटा?” लुडेके म्हणाले, “मी काय चर्चचा पाद्री आहे?” खाली आनेग्रेट म्हणाली, “घंटा गाईच्या गळ्यात बांधतात.” दोघांनी नाकं अगदी सारखीच मुरडली. ऊर्मिलाने साहेबांनाही लिहून पाहिलं, की जुन्या ब्रेकची एक पट्टी नुसती आवाजापुरती ठेवता येईल का. उत्तर एका ओळीत आलं: ज्या भागाला काम नाही, तो भाग ठेवायचा नाही.

हिवाळाभर चुंबक बसत राहिले. ऊर्मिलाच्या स्वप्नात मात्र गाडी यायचीच. बर्फातून, रिकामी, तिच्या पलंगापाशी थांबायची, आणि ती श्वास रोखून त्या वीतभराची वाट बघत पडून राहायची.

एप्रिलात बाग उघडली तेव्हा ऊर्मिला फलाटावर हजर होती. पुन्हा तेच धुकं. पहिली गाडी आली ती ढगातून ढग निघावा तशी, आणि थांबली. कुठे थांबली ते कळलंसुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दांड्याच्या जागी आता एक हिरवं बटण होतं. लुडेके त्याकडे दुसऱ्याच्या पोराकडे बघावं तसे बघत होते.

दुसरी गाडी आली. तिसरी. मग खालून, धुक्याहून जरा काळा असा धूर वर यायला लागला, आणि त्यामागून करपल्याचा वास.

लुडेकेंनी नाक वर केलं. गाडी जागेवर अडकवली, फाटकाला साखळी लावली. “दोन मिनिटं,” ते डब्यांतल्या लोकांना म्हणाले, आणि कठड्याला धरत, एक एक पायरी करत, उतरायला लागले. ऊर्मिला मागोमाग. पायऱ्या संपेचनात. धुक्यात त्यांची टोपी तेवढी पुढे तरंगत होती.

टपरीसमोर ते उभे राहिले. आनेग्रेट हाताची घडी घालून जंगलाकडेच बघत होती.

“काढ,” ते म्हणाले.

“काय?”

“वॉफल. जळतोय. काढ म्हटलं.”

“दिसतंय मला. आंधळी नाहीये.” तिने झाकण उघडलं, आत कोळसा. “वाचा फुटली म्हणायची.”

“बासष्ट पायऱ्या आहेत, आनेग्रेट. गुडघा दुखतो.”

“मग प्रत्येक गाडीला उतरणारेस का? वरून ओरडता येत नाही?”

“काय ओरडू?”

आनेग्रेटने साचा खरवडायला घेतला. बराच वेळ खरवडला. “माझं नाव आठवत असेल तर ते ओरड,” ती म्हणाली.

लुडेके पुन्हा पायऱ्या चढायला लागले. वर लोक अजून डब्यांतच बसले होते. कुणी कुरकुरलं नव्हतं.

ऊर्मिला बाकावर बसली. आनेग्रेटने तो कोळसा तिच्या हातात दिला. “हा तुमचा,” म्हणाली. “तुम्हीच केलात.” आणि नवं पीठ कालवायला लागली.

फळ्या कण्हल्या. कुठेतरी उंचावर चाकं घरंगळली, जवळ आली, विरली. आनेग्रेटचा डाव भांड्यातच थांबला. ऊर्मिलाने मनातल्या मनात मोजलं, एक, दोन, आणि त्या जुन्या वीतभराच्या जागी धुक्यातून एक घोगरा, न सरावलेला आवाज खाली आला:

“आने-ग्रेट!”

“हो, हो,” आनेग्रेट पुटपुटली, “ऐकलं,” आणि साच्यात पीठ ओतलं.

ऊर्मिलाने करपलेला वॉफल सबंध खाल्ला.