तांबेऱ्याचा पाहुणचार

बहीण गहू वाढवायची आणि भाऊ त्याला रोग लावायचा. दोघं एकाच संशोधन केंद्रात नोकरीला. ती गव्हाचे नवे वाण तयार करी. दादाकडे तांबेरा, म्हणजे पानांवर नारिंगी भुकटी आणणारी बुरशी, जातवार सांभाळलेली असे. कुठलाही वाण शेतकऱ्यांच्या हाती देण्याआधी दादाच्या तांबेऱ्यातून तावूनसुलाखून निघायला हवा, असा तिथला शिरस्ता. दादा बहिणीकडे जेवायला येताना आंघोळ करून, कपडे बदलून येई, तरी आई त्याला दारातच झटकून घेई.

या खेपेचा वाण दादाच्या एकूण एक तांबेऱ्याला पुरून उरला होता. तिची उमेदीची वर्षं त्यात गेली होती. सोमवारी समिती मान्यता देणार म्हणून बाईसाहेब हवेतच होत्या. त्या भरात तिने एक आगाऊपणा केला होता: केंद्राबाहेर दाणाही न्यायचा नाही हा नियम मोडून मूठभर गहू स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीत पेरला होता. चहा उकळताना आपलं लेकरू डोळ्यांसमोर असावं, एवढंच.

शुक्रवारी सकाळी त्यातल्या एका पानावर नारिंगी पुटकुळ्या दिसल्या. बोट फिरवलं तर भुकटी बोटाला लागली. कुंडी कचऱ्यात टाकली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. हा विचार चहा उतू जाईपर्यंत तिच्या मनात राहिला. मग पान काचेच्या नळीत घालून ती तडक दादाकडे गेली.

"तुझ्या शर्टावरून आलंय हे."

दादाने पान उजेडात धरलं. "माझ्याकडचं एकही तुझ्या गव्हावर जगत नाही, चिमणे. हे वाऱ्यावरून आलंय. कुठून, ते वाऱ्यालाच विचार."

त्याने ती भुकटी तिच्या गव्हाच्या ताज्या पानांवर लावून पेटीत दमट ठेवली. रविवारी दोघं सुनसान प्रयोगशाळेत बसली. दादाने आधी तिच्या गव्हाच्या पानावरचा आपल्याकडचा जुना तांबेरा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. पानात शिरलेल्या त्याच्या तंतूचा स्पर्श होताच गव्हाची पेशी स्वतःच मरून गेली होती आणि तांबेरा उंबरठ्यावरच उपाशी मेला होता. हीच तिची आयुष्यभराची कमाई.

मग त्याने पान बदललं.

बीजाणूतून निघालेला तंतू पानाच्या शिरा आडव्या ओलांडत, चाचपडत गेला होता. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी नेमका पानाच्या श्वासाच्या छिद्राशी थांबला होता. आत जाऊन त्याने पेशीची भिंत भेदली होती, पण आतला पातळ पडदा फाटू दिला नव्हता. त्याला आत घेऊन पेशी जिवंत होती, धडधाकट होती, आणि त्याला खाऊ घालत होती. पेशीला कळलंच नव्हतं की घरात परका आलाय.

बहीण कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढीना. रडायला येईल असं तिला वाटलं होतं. पण आलं ते वेगळंच. आपण एवढी वर्षं कुणाशी झुंजतोय ते आज पहिल्यांदा दिसलं आणि तिचे हात आपोआप मांडीवर जोडले गेले.

"फार सुंदर आहे रे मेला," ती म्हणाली.

दादाने विचारलं, "उद्या समितीला काय सांगणार?"

"खरं तेच. कुंडीसकट."

"वाण जाईल. नोकरीवरही गदा येईल."

"येऊ दे."

तांबेरा जिवंत पानावरच जगतो, आणि नळीतलं मूळ पान आता सुकत चाललं होतं. त्यावरची भुकटी आणखी दिवसभर तगेल की नाही, सांगता येत नव्हतं. डाग दिसला की रोप मुळासकट उपटायचं, हीच तिची आजवरची रीत. ती उठली, आपल्या गव्हाच्या कोवळ्या रोपांचा ट्रे घेऊन आली, दादाच्या हातातला मऊ ब्रश मागून घेतला आणि एक कणही वाया जाऊ नये म्हणून श्वास रोखून तो तांबेरा स्वतःच्या हाताने त्यांच्यावर पेरू लागली.