राष्ट्राध्यक्षाचा पाळणा

त्या फार्महाऊसमध्ये कुठल्या देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष जन्मला होता, ते मला विचारू नका. बोर्डावर वाचलं होतं, पण त्या दिवसातलं मला एवढंच आठवतं, की मी कशी वागले.

मला पाचवा महिना होता. पहिलं बाळ राहिलं नाही, म्हणून यावेळी आई पुण्याहून लवकरच आली होती. इंग्लंडमधल्या आमच्या मेडनहेडच्या फ्लॅटमध्ये कंटाळून गेली बिचारी. म्हटलं, चल, तासाभरावर एक जुनं घर जपून ठेवलंय, बघून येऊ.

उंबऱ्यापाशी बाईसाहेबांनी चपला काढून हातात घेतल्या.

"अगं आई, इथे कोणी काढत नाही!"

"कुणाचं तरी घरच आहे ना?" म्हणाली आणि मोज्यांवर आत.

मी चरफडत पुढे झाले, तर जन्माच्या खोलीत समोर कोण? हेलन! माझी नवी मॅनेजर, मुलांना घेऊन आलेली. तिचं लक्ष जायच्या आत मी वळून आईच्या कानात म्हणाले, "मॅनेजर आहे माझी. जरा नीट वाग."

दोरीपलीकडे एक म्हातारा व्हॉलंटियर माहिती देत होता. बोलता बोलता त्याने राष्ट्राध्यक्षाचा लाकडी पाळणा हाताने झुलवला.

"अहो, अहो! रिकामा पाळणा हलवू नये!" आई दोरीखालून आत शिरली आणि दोन्ही हातांनी पाळणा धरून उभी राहिली. "पोटुशी मुलगी आहे इथे!"

सगळं मराठीत. म्हातारा गांगरला. या बाईंसोबत कोणी आहे का, असं त्याने इंग्रजीत विचारलं. हेलनने माझ्याकडे पाहिलं.

"नॉट विथ मी," मी म्हणाले.

आईने शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. तिने पाळणा सोडला, म्हाताऱ्याला सॉरी म्हणाली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. आणि मी निर्लज्जासारखी दहा मिनिटं हेलनशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले.

बाहेर आले तर तिकीट खिडकीतली बाई मलाच सांगायला लागली, "साडीतल्या एक बाई मघापासून तिकडे उभ्या आहेत. कुणाला फोन करू का विचारलं, तर एकटीच आलेय म्हणाल्या."

आई कार पार्कच्या भिंतीपाशी होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. धावत जाऊन तिचा हात धरला, "आई, चल ना गं."

तिने हळूच हात सोडवून घेतला. रागावली असती तर परवडलं असतं.

"थांब जरा," ती म्हणाली. "तुझी मॅनेजर अजून गाडीत बसतेय. जाऊ दे तिला आधी."

आणि मी थांबले. हेलनची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत, आईपासून चार पावलं दूर, थांबले.