आज मी इथं नाही

पंचेचाळिशीत बालवर्गाच्या ताईंनी विद्यापीठात नाव घातलं तेव्हा नवऱ्याने विचारलं होतं, "पोरं सांभाळायला पदवी कशाला लागते?"

"तुम्हाला सांभाळतेच आहे की बिनपदवीची," असं म्हणून ताईंनी विषय मिटवला होता.

पण यंदा विद्यापीठातल्या मॅडमनी निरीक्षण करायला सांगितलं आणि ताईंची पंचाईत झाली. एकाच मुलाकडे अर्धा तास बघायचं, दिसेल तेवढंच लिहायचं, मध्ये पडायचं नाही. "भिंत व्हा," मॅडम म्हणाल्या.

आता बालवर्गातल्या पोरांना हे कसं समजवायचं? ताईंनी शक्कल लढवली. कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीत बसून जाहीर केलं, "आज मी इथं नाहीये हं! काही लागलं तर धाकट्या ताईंना सांगा." एकाने जवळ येऊन त्यांच्या नाकाला बोट लावून खात्री करून घेतली.

बघायला निवडली होती गप्पी. हे नाव मदतनीस असलेल्या धाकट्या ताईंनी ठेवलेलं, कारण पोर आल्यापासून अवाक्षर बोलली नव्हती. मागच्याच आठवड्यात पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही ताईंच्या कानाशी: "शू." ताईंनी ते घरी येईल-जाईल त्याला कौतुकाने सांगितलं होतं.

गप्पी ठोकळे रचत होती. मध्येच उठली, ताईंसमोर आली आणि पायाला पाय घासत म्हणाली, "शू."

ताईंचं पेन थांबलं. धाकट्या ताई पलीकडे एका गळक्या नाकाशी झटत होत्या. अर्धा तास संपतच आला होता. आता उठलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. ताईंनी मान खिडकीकडे वळवली.

पोरीने हाक मारली नाही, पदर ओढला नाही. नसलेल्या माणसाला काय ओढायचं? निमूट उभी राहिली, मोजे भिजेपर्यंत.

संध्याकाळी आई न्यायला आली. पिशवीतले ओले कपडे बघून तिने पोरीचा दंड धरला. "एवढी घोडी झालीस, सांगता येत नाही?"

"सांगितलं होतं तिनं," ताई म्हणाल्या. "मलाच. मी ऐकलं नि बसून राहिले."

"म्हणजे? का?"

"अभ्यास होता."

"बरी आमचीच सापडली!" आई म्हणाली. दंडावरचा हात मात्र तिने काढला.

दुसऱ्या दिवशी गप्पी कुणाकडेच गेली नाही. बाथरूमच्या बंद दाराशी नुसती पाय आवळून उभी. ताई हातातलं टाकून धावल्या, दार उघडलं, तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"चुकलं गं माझं. तू सांगितलं होतंस."

गप्पीने त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांनी चड्डीला हात लावताच तिने तो बाजूला सारला आणि ती इवल्या बोटांनी स्वतःच खटपट करू लागली. इलॅस्टिक घट्ट होतं, निसटत होतं.

मदत करू का, एवढं विचारायचीही ताईंची छाती झाली नाही.