कोण हललं

दहीहंडीनंतर कल्पिताला काही वाटेनासंच झालं होतं. जेवणाला चव लागेना, रडू म्हणून येईना. डोंबिवलीहून ठाण्याला फोटोग्राफीच्या क्लासला ती जायची, ती केवळ घरात बसवत नव्हतं म्हणून.

घरात नयन होता, तिचा भाऊ. टेंभी नाक्यावर त्याच्या पथकाने थर लावले, तेव्हा त्याच्या खांद्यावर उभा असलेला कमलेश खाली आला. तो आता कल्याणच्या हॉस्पिटलात कमरेखाली लुळा पडून होता. पथकाने निकाल लावून टाकला, नयन हलला. गोविंदाला याहून मोठी शिवी नाही. नयनने ती मुकाट्याने गिळली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या त्या शहाण्यांपैकी एकही पुन्हा दाराशी फिरकला नाही.

क्लासमध्ये विनीत सरांनी गतीवरचे फोटो मागितले होते. कल्पिताकडे त्या दिवसाचेच होते, नाक्यावरच्या एका गच्चीत स्टँड लावून काढलेले. ते बघायची हिंमत तिला झाली नव्हती. तिने कार्डच सरांच्या हातात ठेवलं.

सरांनी त्यातला एक पडद्यावर लावला.

"हललाय सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"अरे, शटर मुद्दाम हळू ठेवलंय. जो हलतो तो पुसट होतो, जो थांबतो तो स्पष्ट येतो. सगळे हात बघा कसे नजरेला वर नेतायत. पण नजर मध्येच अडते. कुठे?"

"त्या मुलावर," क्लासमधली रसिका म्हणाली. "पाणी उडतंय, सगळे पुसट झालेत, आणि हा एकटाच ठाम उभा आहे."

तो नयन होता. त्याच्या खांद्याची कड न् कड स्पष्ट होती. वर कमलेशचा डावा पाय मात्र नुसता पांढुरका फराटा. थर पक्का व्हायच्या आतच त्याने पाय उचलला होता. सर रचनेचं तोंडभरून कौतुक करत होते, आणि कल्पिताला त्याचं सुखदुःख काही नव्हतं. फोटो नयनला दाखवायचा, एवढंच तिला कळत होतं.

घरी आल्या आल्या तिने कार्ड कॅमेऱ्यात घातलं. नयनने कॅमेरा हातात घेतला, फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला.

"म्हणजे मी नव्हतो."

"नव्हतास! थांब, पथकाच्या ग्रुपवर टाकते. बघू दे एकेकाला."

"नको गं. ग्रुपवर कमलेश पण आहे." त्याने कॅमेरा तिच्या हातात परत ठेवला. "दिवसभर मला शिव्या घालतो म्हणे. आता स्वतःला घालायला लागेल. उडव तो."

"वेडा झालायस का रे?"

"उडव, कल्पू. सरांना दुसरा दे."

कल्पिताला त्याचा भयंकर राग आला. इतक्या दिवसांत तिला काहीतरी वाटलं होतं, तर ते हे. तरीही तिने फोटो उडवला.

दुसऱ्या दिवशी नयनने दाढी केली आणि तिला घेऊन कल्याणला गेला. कमलेशने त्याच्याकडे नीट बघितलंही नाही.

"हललास ना रे तू?"

नयन स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसला.

"हो रे. हललो मी."

कल्पिताला तिथेच, सगळ्या वॉर्डासमोर, हुंदका फुटला.