रश्श्याबरोबर नाचणीच

केन्यांगीबाई तेहतीस वर्षं हेडबाई होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शाळेची घंटा अजून आपल्याच हातात आहे, अशा समजुतीत त्या वावरत. भावाच्या मुलीची, कामुशानाची, पाठवणी ठरली तेव्हा जेवणाचा सगळा कारभार त्यांनी कुणी न सांगता स्वतःकडे घेतला. आत्या म्हणून तो त्यांचा हक्कही होता. शिवाय त्यांच्या हातच्या बैलाच्या मटणाच्या रश्श्याला म्बारारा शहरापर्यंत तोड नव्हती, हे त्यांच्या शत्रूंनाही कबूल होतं. शत्रू बरेच होते.

रश्श्याबद्दल वाद नव्हताच. वाद होता रश्श्याबरोबर काय, याचा.

नवरामुलगा मसाकाचा, गांडा लोकांतला. त्यांच्यात माटोके लागतं. कच्ची केळी केळीच्याच पानांत बांधून वाफवायची आणि मऊ चेचायची. ते ताटात नसलं तर गांडा माणूस पोट फुटेस्तोवर जेवला तरी उपाशी राहिलो म्हणूनच उठतो. आणि केन्यांगीबाईंच्या अंकोलेकडचा माणूस चारचौघांत शपथ घेऊन सांगतो, की जेवण म्हणजे कारो, नाचणीच्या घाट्याचा गरम गोळा. बाकी सगळा बायकापोरांचा खाऊ.

"वन्सं, पाहुणे त्यांच्याकडचे आहेत," भावजय प्रोविया म्हणाली. "दोन पातेली माटोके लावू या की."

"दात न आलेल्यांचं आणि दात पडलेल्यांचं खाणं ते," केन्यांगीबाई म्हणाल्या. "आपल्या बैलाचा रस्सा त्या लिबलिबीत ओतायचा?"

"मग भात तरी."

"भात काय, दुकानातून कुणीही आणतं."

भाऊ ब्वेंग्ये बिअरचा दुसरा मग संपवत होता. आयुष्याची वीस वर्षं त्यानं राजधानीत, कंपालात, बटाट्याचे तळलेले काप खाण्यात घालवली होती, त्यामुळे परंपरेविषयी त्याची मतं फार कडक होती. "ताईचं बरोबर आहे," तो म्हणाला. "कारो ही आपली ओळख आहे."

"ओळख ठीक आहे. पण दोनशे माणसांचा कारो घोटायचा कुणी?" प्रोवियानं विचारलं.

"आपल्या आयांनी नाही घोटला?" बाईंनी विचारलं.

"आपल्या आया मेल्या, वन्सं."

यावर बाईंनी विषय संपल्याचं जाहीर केलं. घरामागे तीन एकर केळीची बाग होती आणि सोमवार ते शनिवार त्या घरात काय शिजतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाईंनी स्वतः नाचणी घोटायचा लाकडी दांडा हातात धरल्याला वीस वर्षं होऊन गेली होती. पण तत्त्व ते तत्त्व.

पाठवणीच्या दिवशी पहाटेच रस्सा चुलीवर चढला. घोटायला पाच बाया बोलावल्या होत्या. त्यातल्या तिघी बाईंच्या माजी विद्यार्थिनी, म्हणजे त्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती. नाचणी पुरत नाही म्हटल्यावर कसाव्याच्या कंदाचं पीठ निम्मंनिम्म मिसळलं गेलं. ते बाईंनी पाहिलं आणि पाहिलं नाही.

"पाहुणे आले की मग घोटू या, बाई," त्यांच्यातली एक म्हणाली. "गार झाला की दगड होतो."

"पत्रिकेत अकरा लिहिलंय," बाई म्हणाल्या. "अकरा म्हणजे अकरा."

अकराला कारो तयार होऊन झाकणाच्या टोपल्यांत बसला. पाहुण्यांची बस अडीचला आली. मग मांडवात दोन्हीकडचे बोलणारे उभे राहिले. मुलीचा हात मागणं, आढेवेढे घेणं, कोपरखळ्या, मुलीबद्दल द्यायच्या गाईंची मोजणी, पुन्हा आढेवेढे असं सगळं रीतीप्रमाणे झालं. पानं वाढायला पाच वाजले.

रस्सा असा झाला होता, की वाढपी फिरू लागले तेव्हा मांडवातली बडबड आपोआप थांबली. पाहुण्यांच्या बाजूनं बोलणारे सेबुन्याकाका वास घेऊन डोळे मिटून बसले. मग त्यांनी टोपलीचं झाकण उघडलं.

कारोचा घास बोटांनी दाबून खळगा करायचा, त्यात रस्सा घ्यायचा आणि न चावता गिळायचा. इथं बोटंच शिरेनात. काकांनी कसाबसा एक तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि चावायला घेतला. बराच वेळ चावला. शेजारचा त्यांना काहीतरी विचारत होता. त्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. शेवटी डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तो घास खाली उतरला. "वा," काका म्हणाले आणि ताट घेऊन उठले. "बसमध्ये माझा चष्मा राहिला वाटतं."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्यांच्यामागून एका बाईची पर्स बसमध्ये राहिली, मग कुणाची टोपी, कुणाचं औषध. प्रत्येकजण भरलेलं ताट घेऊनच शोधायला निघाला. अर्धा मांडव रिकामा झाल्यावर केन्यांगीबाई उठल्या आणि बसच्या मागं गेल्या.

तिथं जमिनीवर केळीच्या पानांची मोठमोठी गाठोडी सुटली होती. चादरींत आणि घोंगड्यांत गुंडाळून आणलेलं माटोके अजून वाफाळत होतं. पिवळ्याधमक लगद्यावर बाईंचा रस्सा ओतून माणसं उभ्यानं, मान खाली घालून, एक शब्द न बोलता जेवत होती. त्यांत निम्मी मुलीकडची होती. गाडीच्या चाकाला टेकून ब्वेंग्ये जेवत होता.

"ताई," तो भरल्या तोंडानं म्हणाला, "पाहुण्यांचा मान राखत होतो."

मुलाची आत्या नालुमान्सी हसत पुढं आली. "या विहीणबाई, बसा. खास तुमच्या रश्श्यासाठीच आणलंय. इतका चांगला रस्सा, तो वाया का घालवायचा?"

"आमच्यात पाहुणे डबा घेऊन येत नाहीत," केन्यांगीबाई म्हणाल्या.

"आमच्यातही नाही हो. पण याआधी एक सून आम्ही इकडूनच केली होती."

शाळेत असं बोलणाऱ्याला बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. इथं त्याच बाहेर उभ्या होत्या. त्या परत मांडवात आल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि पाय दुखत होते. ओळीनं मांडलेल्या टोपल्या भरल्या तशाच होत्या.

फक्त एका कोपऱ्यात मुलाची म्हातारी आजी एकटीच खात होती. कारोचा बारीक तुकडा रश्श्यात भिजत ठेवायची, वाट बघायची आणि गिळायची. बाईंच्या जिवात जीव आला. त्या खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

"आजी, तुम्हाला कळतं," त्या म्हणाल्या.

"कळणारच, पोरी," म्हातारी शुद्ध अंकोलेच्या बोलीत म्हणाली. "मी इकडच्याच इसिंगिरोची. साठ वर्षांपूर्वी मला मसाकाला दिली."

"मग तुम्हीच सांगा सगळ्यांना. रश्श्याबरोबर कारोच हवा ना?"

"कुठल्या रश्श्याबरोबर? माझ्या बापाच्या घरी कारोबरोबर घुसळलेलं पांढरं तूप असायचं, नाहीतर घेवडा. हा टोमॅटो-कांद्याचा रस्सा गावात आला तो शहरातून. झालाय मात्र झकास. याला माटोकेच बरं."

"मग तुम्ही हे का खाताय?"

"मला बसपर्यंत चालवत नाही," म्हातारी म्हणाली.

आभाराच्या भाषणात सेबुन्याकाकांनी रश्श्याचं तोंड भरून कौतुक केलं. कारोबद्दल ते म्हणाले, "तोही आम्ही पाहिला." टाळ्या पडल्या. केन्यांगीबाई ताठ उभ्या राहिल्या आणि रीतीप्रमाणे मान लववून बसल्या. निघताना कामुशाना त्यांच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा तिचा पदर सारखा करत त्या हळूच म्हणाल्या, "तिकडे जे वाढतील ते खा. इथल्या गोष्टी सांगत बसू नकोस."

बस गेल्यावर टोपल्या डुकरांच्या डोणीत रिकाम्या झाल्या. डुकरांनीही आधी वास घेतला. रश्श्याचं पातेलं ब्वेंग्येनं बोटानं पुसून काढलं होतं. नालुमान्सी जाताना पानात बांधलेलं एक गाठोडं घरच्यांसाठी म्हणून ओट्यावर ठेवून गेली होती. प्रोविया आवराआवर करून ते घ्यायला आली तर ते जागेवर नव्हतं, आणि बाईंसाठी म्हणून बाजूला काढलेला वाडगाभर रस्साही नव्हता. तिनं नणंदेच्या खोलीचं दार ढकललं. केन्यांगीबाई खाटेवर पाठ करून बसल्या होत्या. मांडीवर केळीचं पान होतं, आणि त्या माटोके खात होत्या.

प्रोवियानं आवाज न करता दार लोटून घेतलं. ही गोष्ट तिनं गावात कुणालाही सांगितली नाही. फक्त आपल्या चार जावांना सांगितली.