फ्रिजपुढची खुर्ची

आमच्या स्वयंपाकघराला नणंदबाई काडेपेटी म्हणतात. खोटं नाही ते. आत एक माणूस नीट उभं राहतं. दुसरं शिरलं की पहिल्याला पोट आत ओढावं लागतं. ओट्यावर दोन शेगड्या, त्यांना खेटून छोटा ओव्हन, आणि फ्रिज मावला नाही म्हणून दाराबाहेर, बाहेरच्या खोलीत. या काडेपेटीत यंदा सणाचं जेवण होणार होतं, आणि ते मी आपणहून अंगावर घेतलं होतं. आनंदाने माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

एरवी हे जेवण ताईंकडे. ताई म्हणजे याच नणंदबाई, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. जन्मभर त्यांनी एका शाळेची खानावळ चालवली आणि सणाला आम्हा सगळ्यांना जेवू घातलं. स्वतः मात्र कधी आमच्यात बसल्या नाहीत. डाव हातात घेऊन उभ्या असायच्या, कुणाचं ताट रिकामं दिसलं की वाढलंच. गेल्या सणानंतर त्यांची पाठ धरली आणि डॉक्टरांनी जास्त वेळ उभं राहायचं नाही म्हणून बजावलं. त्यांनी तिथल्या तिथे फोन फिरवले. आता हे जेवण बंद, उभं राहून रांधवत नाही आणि दुसऱ्याकडे पाहुणी म्हणून बसून राहायला जमत नाही, ज्याने त्याने आपापल्या घरी खावं. धाकटे दीर, ज्यांना त्यांच्या आवाजामुळे सगळे पाठीमागे भोंगा म्हणतात, ते लगेच ‘चालेल’ म्हणाले. मला चालणार नव्हतं. ही तीन भावंडं वर्षातून त्या एका दिवशी एका छताखाली दिसतात. ते सुटलं की मग लग्नाकार्यात ‘अरे, बारीक झालास’ एवढंच बोलणं उरतं.

मी नवऱ्याच्या हातातला फोन ओढून घेतला आणि म्हटलं, ताई, यंदा माझ्याकडे. त्यांनी विचारलं, काडेपेटीत? मी म्हटलं, काडेपेटीतच. त्या म्हणाल्या की येते, पण तासभरच, आणि पुढच्या वर्षीचं मला आत्तापासून काही विचारू नकोस.

त्या पुढच्या वर्षासाठीच माझा सगळा आटापिटा होता.

मी घरी शिवणकाम करते. टेप माझ्या गळ्यातच असतो, आणि अमुक एक गोष्ट बसणार नाही हे मला कुणी सांगितलेलं खपत नाही. दोन शेगड्यांवर एवढं रांधणं एका दिवसाचं काम नव्हतं, म्हणून मी आधीच सुरुवात केली. आधी कांदे. नवऱ्याला बाहेरच्या खोलीत चिरायला बसवलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, अंधाऱ्या खड्ड्यात उतरायला भीत नाही, पण कांद्यापुढे लहान पोरासारखा रडला. ते कांदे मी मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतले आणि डब्यात भरले. मग सूप. मग मटण, आदल्या दिवशीच शिजवून ठेवलेलं, कारण मुरलं की ते ताज्याहून चवदार लागतं. बटाटे उकडून, सोलून झाले. सारण भरलेल्या ढोबळ्या मिरच्या ओव्हनच्या मापाच्या ट्रेमध्ये उभ्या राहिल्या. शेवटी काचेच्या भांड्यात कस्टर्ड. फ्रिजच्या एकेका कप्प्याचं मी माप घेतलं होतं, आणि डबे असे बसवले की बोट शिरायला जागा नव्हती. नवरा म्हणाला, क्षमता बघ बाई, नाहीतर मध्येच अडकेल. मी त्याला आणखी कांदे दिले.

टेबलाचंही असंच. कापड बेतायचं माझं मोठं टेबल, त्याला शेजाऱ्यांचं घडीचं टेबल जोडलं, वरून एक चादर. एक टोक खिडकीखालच्या सोफ्याला, दुसरं फ्रिजपर्यंत. मापाप्रमाणे फ्रिजचं दार पूर्ण उघडायला हवं होतं, आणि उघडलं. मी ते नवऱ्यासमोर दोनतीनदा उघडून मिटून दाखवलं. त्याने सलाम ठोकला. त्या दिवशी मला कुणी राजवाडा दिला असता तरी मी म्हटलं असतं, राहू द्या, आमचं छान चाललंय.

सणाच्या दिवशी सगळे आले. दीर आवाजासकट, त्यांची बायको, जुळ्या मुली. ते चौघे सोफ्यावर आणि खिडकीपाशी दाटीवाटीने बसले. ताईंसाठी माझी शिवणकामाची गोल फिरणारी खुर्ची ठेवली होती, कारण पाठीला आधार देणारी घरात ती एकच. ती ठेवली मानाच्या जागी, टेबलाच्या डोक्याशी, फ्रिजकडे पाठ करून. ताई उठायला लागल्या की मी म्हणायचे, उठू नका, आज तुम्ही बोटसुद्धा हलवायचं नाही. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. आत पळी वाजली की त्यांची मान वळायची. आधीच शेगडीवर ठेवलेलं सूप सगळ्यांनी वाहवा करत प्यायलं, ताईंनीही प्यायलं, आणि मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. डॉक्टरांच्या दारात नंबर लावून बसलेलं माणूस असं पाहतं. मला कळेना, माझं चुकतंय कुठे.

ते लगेच कळलं. मटण काढायला मी स्वयंपाकघराच्या दारातून फ्रिजला हात घातला, तर दार वीतभर उघडलं आणि खुर्चीच्या पाठीवर आपटलं. खुर्ची पुढे जाईना, कारण टेबल. टेबल जाईना, कारण सोफा. सोफा जाईना, कारण भिंत. दाराच्या बिजागऱ्या माझ्या बाजूला, फट पलीकडे, तिथे माझा हात पोचेना. सगळं जेवण आत, आणि सगळी माणसं बाहेर अडकलेली.

माझ्याकडचं गिऱ्हाईक नवा कपडा घालून आरशापुढे खूश झालं, तरी मी त्याला सोडत नाही. बसून बघा म्हणते, शिवण उसवते ती बसताना. आणि स्वतःच्या घरात मी रिकाम्या टेबलाचं माप घेतलं, माणसं बसवून पाहिलीच नाहीत. दीर म्हणाले की उपाशी मारायचा बेत आधी कळवायचा, आम्ही खाऊन आलो असतो. नवऱ्याने सगळ्यांना उठवून टेबल बाहेर काढायची योजना मांडली. त्यात ताईंना पाठ दुखत जिन्यात उभं राहावं लागलं असतं, आणि जिन्यात गेल्या तर त्या तिथूनच घरी जातील याची मला खात्री होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

मग खुर्ची कुरकुरली. ताईंनी पाय जमिनीवर टेकून ती गर्रकन फिरवली. खुर्चीची पाठ बाजूला झाली, दार अर्धं उघडलं, आणि त्या बसल्या जागी फ्रिजच्या समोर आल्या.

“काय काढू?” त्यांनी विचारलं.

“मधला कप्पा, निळा डबा,” मी दाराआडून म्हटलं. “पण ताई, तुम्ही नका ना…”

“तू शेगडी पेटव.”

डबा फ्रिजच्या बुटक्या दारावरून माझ्या हातात आला, पण आधी त्यांनी झाकण उचलून वास घेतला. मटण झाकून बारीक आचेवर ठेव म्हणाल्या. मग मिरच्यांचा ट्रे, तो लगेच ओव्हनमध्ये. बटाटे आत्ता नकोत, मिरच्या झाल्यावर. कस्टर्डला कुणी हात लावायचा नाही, ते शेवटपर्यंत गारच हवं. गरम झालेलं मी दारावरून परत द्यायचे, त्या खुर्ची फिरवून टेबलावर वाढायच्या, पुन्हा फ्रिजकडे वळायच्या. एका जुळीला त्यांनी ताटं पुढे सरकवायला लावलं, दुसरीला पाव वाटायला. दिरांना सांगितलं, आवाज कमी कर आणि जेव. भोंगा खरोखर बंद पडला. मी दारात पळी घेऊन उभी होते आणि मला वेड्यासारखं हसू फुटत होतं. इतके दिवस मी त्यांचे हात बांधून ठेवायला निघाले होते, आणि त्यांना पाहिजे होती ती फक्त बसून वाढता येईल अशी जागा.

त्या स्वतःही जेवल्या. आमच्याबरोबर, त्याच टेबलाशी, पहिल्यांदाच. मटण दोनदा घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या की कांदा बरा परतलायस. घड्याळाची आठवण कुणालाच राहिली नाही.

निघताना त्या नवऱ्याच्या हाताला धरून जिन्यापाशी पोचल्या. पुढच्या वर्षाचं विचारायला बंदी होती, म्हणून मी आडून म्हटलं की एवढ्यात फ्रिज त्या पलीकडच्या भिंतीला हलवून टाकते, म्हणजे कुणाची अडचण व्हायला नको.

ताई थांबल्या.

“खबरदार हलवलास तर,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी मी बसायचं कुठे?”