ऑस्नीच्या कॉफीतली गोळी

बोय माशांचा हंगाम तोंडावर आला, दक्षिणेचा गार वारा सुटला, आणि ऑस्नी आपला भिंतीकडे तोंड करून पडलेला. चाळिशी उलटलेला घोडा! त्याच्या आईचा, दोना झेनाइदचा, नुसता जळफळाट व्हायचा. साऱ्या किनाऱ्यावर तिच्या लेकासारखी नजर कुणाची नव्हती. टेकडीवर उभं राहून पाण्याच्या रंगावरून तो माशांचा थवा कुठे आहे ते सांगायचा, टोपी हलवायचा, आणि मगच खाली जाळं पडायचं. आता साधी दाढी करत नव्हता. बरं, कारण म्हणावं तर तेही नाही. होडी बुडाली नव्हती. बायको पळाली त्याला जमाना झाला, आणि तेव्हा तर गाढव हसत होता.

"आई, उठवत नाही गं," एवढंच म्हणायचा.

"उठवत नाही म्हणे! आळसाला औषध नसतं," ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची.

रविवारी ऑस्नीची मुलगी जुसारा आली. शहरातल्या विद्यापीठात ती उंदरांवर औषधं तपासायची. बापानं ताटाला हात लावला नाही, तेव्हा तिचाही घास तोंडात फिरू लागला. विषय बदलावा म्हणून आजीनं विचारलं, "काय गं, अजून उंदरांना पोहायला शिकवतेस?"

"शिकवत नाही गं आजी. पाण्यात सोडतो आणि बघतो. काही हातपाय मारतात, काही नुसते तरंगतात. तरंगणारा खचला असं धरायचं. यंदा फिटचं औषध देऊन पाहिलं, तू घेतेस ना, तेच. औषध दिलेले जास्त वेळ झगडले."

"म्हणजे उदासीवर चालतं?"

"उंदरांना, आजी. तरंगणारा खचलाय की शहाण्यासारखा दम राखतोय, यावरच आमची भांडणं आहेत. माणसांचं तर फार लांब."

पण आजीच्या कानात 'तू घेतेस ना, तेच' एवढंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिची सकाळची गोळी पाट्यावर चुरली जाऊन ऑस्नीच्या कॉफीत पडू लागली. दवाखान्यात जाऊन जास्तीच्या गोळ्या मागणं तिच्या रक्तात नव्हतं. रात्रीची होतीच की; म्हाताऱ्या हाडांना एक पुरे. कित्येक वर्षांत फिट आली नव्हती. ऑस्नी मुकाट कप रिकामा करायचा आणि ती दाराआडून पाहायची, पोहतोय का अजून. एकदा त्यानं विचारलं, "वारा कुठला आहे?" त्या दिवशी तिनं देवापुढे दोन मेणबत्त्या लावल्या.

आणि एका सकाळी चुलीसमोरच तिचे डोळे फिरले.

शुद्ध आली तेव्हा ती फरशीवर कुशीवर होती. डोक्याखाली ऑस्नीची टोपी. चूल विझवलेली. ऑस्नी अनवाणी, शेजारी बसून तिच्या तोंडाचा फेस पुसत होता. आईला असं कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे तो लहानपणापासून जाणत होता.

"गोळी चुकवलीस, आई?"

"मी? चुकवेन?" जीभ जड होती, पण तोरा शाबूत. "तुला दिली. कॉफीतून. जुसाराचे उंदीर पोहतात ना त्या गोळीनं."

ऑस्नीनं आपल्या कपाकडे पाहिलं. "तरीच कडू होती."

"कडू लागली तर प्यायलास कशाला?"

"वाटलं, तू कंटाळलीस मला. संपवतेयस." त्यानं मान खाली घातली. "म्हटलं, आईच्या हातचं आहे. प्यावं."

दोना झेनाइदनं हात लांबवला, त्याच्या वाढलेल्या दाढीवर ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला. गाल ओला होता.

"मूर्खा," ती म्हणाली, "विष द्यायचं असतं तर तू आजोबांची होडी खडकावर घातलीस तेव्हाच नसतं दिलं? आळशी आळशी म्हणून मी गावभर बोंब मारली. आजारी आहेस तू. आता त्या दाढीला वस्तरा लाव, दवाखान्यात जाऊ. मी माझ्या फिटचं सांगेन, तू तुझं सांग, आणि काय गिळायचं ते डॉक्टरीणबाई ठरवेल. आणि ऑस्नी, पुन्हा माझ्या हातचं कडू लागलं, तर माझ्या तोंडावर थुंक. पण पिऊ नकोस."